जावयाची सायकल

माझ्या बहिणीच्या नवऱ्याची सायकल आवाज करत नाही. ही काही तक्रार झाली नाही, हे मलाही कळतं. पण गेलं वर्षभर माझ्या पोटात जे दुखतंय ते तिथूनच सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगतो.

सायकली दोघांच्या सारख्या. एकाच दुकानातून, एकाच दुपारी घेतलेल्या. त्याची निळी, माझी काळी, एवढाच फरक. कल्पना माझी. त्या दिवसांत ठाण्यात जो उठेल तो सायकल घेऊन येऊरच्या डोंगरात चालला होता. मलाही जायचं होतं, पण चाळिशीनंतर एकट्यानं हेल्मेट घालायची लाज वाटत होती, म्हणून मेहुण्याला भरीस पाडलं. जाड, गोट्यागोट्यांचे टायर, पुढे दाबले की खाली जाणारे शॉकअप, ढीगभर गियर. येऊरला आम्ही तीनदा गेलो. चौथ्या वेळी पायथ्याशीच मिसळ खाल्ली आणि परत फिरलो.

मग दोघांनीही सायकल कामाला जुंपली. मी वर्तकनगरला राहतो आणि माणकोलीला एका गोदामात सुपरवायझर आहे. तो राहतो डोंबिवलीत, कोपरला, आणि ठाण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. खाडीवरचा नवा पूल झाल्यापासून तो मोठागावहून थेट माणकोलीला निघतो आणि हायवेनं ठाण्याला जातो. म्हणजे रोज सकाळी साडेसातच्या आसपास मी ठाण्याकडून येत असतो आणि तो ठाण्याकडे जात असतो. मधे दुभाजक, कंटेनर, धूळ. तरी त्याला मी दिसतो. तो हात वर करतो आणि "दादा!" म्हणून ओरडतो. मीही हात वर करतो. समोर असला की मी त्याला अहो-जाहो करतो, घरचा जावई आहे. मनातल्या मनात मात्र ‘तो’च म्हणतो, आणि इथे मनातलंच लिहायचं आहे.

डांबरी रस्त्यावर असली सायकल चालवणं म्हणजे गमबूट घालून पळणं. टायर घरघरतात, शॉकअप प्रत्येक पायडलला खाली बसून अर्धा जोर गिळतात, आणि माणूस गोदामात पोचेपर्यंत घामानं निथळतो. तोही तसाच निथळत होता, तोवर माझं काही म्हणणं नव्हतं.

एका सोमवारी तो समोरून आला तो वेगळाच. टायर बारीक, गुळगुळीत. पुढचे शॉकअप गायब, त्या जागी सरळसोट लोखंडी चिमटा. दोन्ही चाकांवर मडगार्ड, मागे कॅरियर, कॅरियरवर बॅग. पाठीवर काही नाही. शर्ट कोरडा. हात वर केला, "दादा!" म्हणाला, आणि मी वळून बघेपर्यंत दिसेनासासुद्धा झाला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी फोन केला. "नवीन घेतलीत का सायकल?"

"नाही हो दादा, तीच आहे. बाबांनी करून दिली."

बाबांनी. म्हणजे माझ्या बाबांनी.

आमचे बाबा खोपटच्या बस डेपोत मेकॅनिक होते. अख्खी नोकरी त्यांनी गाड्यांच्या पोटाखाली काढली. गाडी फाटकातून आत आली की नुसत्या आवाजावरून काय ढिलं झालंय ते सांगायचे, असं त्यांचे जोडीदार अजून सांगतात. निवृत्त झाल्यावर ते आणि आई कोपरला राहायला गेले, बहिणीच्या घरापासून दोन इमारती सोडून. मी महिन्यातून एखाद्या रविवारी जायचो. फळं न्यायचो, डॉक्टरची चौकशी करायचो आणि जेवून यायचो. चांगला मुलगा जे जे करतो ते सगळं करायचो.

पुढच्या रविवारी मी न कळवता गेलो. दार आईनं उघडलं. गॅलरीतून ग्रीसचा वास येत होता. मेहुणा जमिनीवर फतकल मारून बसलेला, कोपरापर्यंत काळा, समोर उघडं केलेलं मागचं चाक. बाबा त्याच्या शेजारी पाटावर, हाताची घडी घालून.

"उलटा नको, उलटा नको. अरे, आधी ब्रेकची तार सोड!" बाबा म्हणत होते.

अरे. जावयाला अरे! लग्नाला चौदा वर्षं झाली, बाबांनी त्याला कधी अहोच्या खाली येऊ दिलं नव्हतं. जावई आला की ते बनियनवर शर्ट चढवायचे. आता बनियनवर बसून त्याला अरेतुरे करत होते आणि तो हसत होता. कुणी म्हणेल, मान गेला त्याचा. मला दिसत होतं काय मिळालंय त्याला.

मला बघून बाबा म्हणाले, "आलास? बस आत. इथं सगळं तेलकट आहे, कपडे खराब होतील."

मी आत बसून पोहे खाल्ले. चांगले झाले होते, असं आईला सांगितलंही, पण चव कसली लागतेय. कान सगळे गॅलरीत. मोठी चक्री पुढे लावली की सपाटीला वेग कसा मिळतो, साखळीला किती ढील ठेवायची, मडगार्ड टायरला घासू नये म्हणून वायसर कुठे घालायचा. बाबा बोलत होते. आमचे बाबा, ज्यांच्याशी माझं बोलणं ‘बीपी किती?’ आणि ‘गोळी घेतली का?’ याच्या पुढे जात नाही, ते अर्धा तास न थांबता बोलत होते.

निघताना मी चपला घालता घालता, सहज आठवल्यासारखं म्हणालो, "माझीही तीच सायकल आहे, बाबा."

"हो, माहितीये की."

"तिचंही असंच काहीतरी करायला हवं."

बाबांनी एकदा जावयाकडे बघितलं. मग म्हणाले, "दुकानात टाक ना. ठाण्यात चांगली दुकानं आहेत. मस्त करून देतील."

त्या दिवशी लोकलनं परत येताना मी स्वतःला चांगलंच दटावलं. शेहेचाळीस वर्षांचा घोडा, मुलगी दहावीला, आणि वडिलांनी माझ्या सायकलला हात लावला नाही म्हणून रुसतोस? पण खरं तेच होतं. मला टायर नको होते, वेग नको होता. बाबांनी एकदा म्हणावं, ‘आण रे तुझी पण’, एवढंच मला हवं होतं. जगात दुसऱ्या कुणीही माझी सायकल नीट करून दिली असती तरी मला ती नको होती. दुकानात मी ती नेलीच नाही. रोज सकाळी घरघर करत जायचो, समोरून तो हात वर करायचा, आणि माझा हात वर जायला दरवेळी थोडा जास्त वेळ लागायचा.

बायकोच्या हे लक्षात आलं. ती म्हणाली, "तुम्ही त्यांच्यावर जळताय." मी म्हटलं, "काहीतरीच काय." ती म्हणाली, "परवा त्यांची सायकल पंक्चर झाली म्हणून वन्संचा फोन आलेला, तेव्हा हसलात तुम्ही." हसलो होतो, हे खरं.

आणि मग धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलवून वाण द्यायची आमच्याकडे रीत आहे. तेहेतीस अनारसे, वर दिवा, कपडे, पुरणाचे धोंडे. आईनं दोन दिवस राबून अनारसे केले. कोपरच्या त्या दोन खोल्यांत आम्ही सगळे जमलो. मेहुणा नव्या शर्टात पाटावर बसला, आईनं ओवाळलं, अनारशांचं ताट हातात दिलं. पाया पडून तो उठणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांबा, अजून आहे."

ते आत गेले आणि काखेत धरून एक कॅनव्हासची गुंडाळी घेऊन आले. मी ती लांबूनच ओळखली. बाबांचे पाने. डेपोतले सरकारी नव्हेत, त्यांचे स्वतःचे, एकेक करून जमवलेले. गुंडाळीला आईनं कधीकाळी शिवलेले कप्पे, प्रत्येक पान्याला वेगळा. खंडेनवमीला हीच गुंडाळी पाटावर उघडून मांडली जायची, हळदकुंकू वाहिलं जायचं, झेंडूचं फूल ठेवलं जायचं, आणि दसरा उजाडेपर्यंत घरात कुणी खिळासुद्धा ठोकायचा नाही. बाबांनी ती जावयाच्या ताटात, अनारशांच्या शेजारी ठेवली.

सगळे हसले. बहीण म्हणाली, "अहो बाबा, सासरा जावयाला चांदीची वाटी देतो!" मेहुण्याचे डोळे भरून आले, आणि त्याचे डोळे भरून आले याचाही मला राग आला.

मी म्हणालो, "छान. आता फ्लॅटही त्यांच्याच नावावर करा म्हणजे झालं."

हसत म्हणालो होतो, पण कुणी हसलं नाही. आई अनारशावरची खसखस निरखत बसली. मुलीनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला घोटभर पाणी प्यावं लागलं.

बाबा शांतपणे म्हणाले, "तुला काय करायचेत रे पाने? तू कुठं वापरणार?"

"वापरले असते," मी म्हणालो. आई उठून पानं वाढायला लागली.

त्याच आठवड्यात मी सगळं मागवलं. गुळगुळीत टायर, ट्यूब, मडगार्ड, रुंद धातूची पायडलं, आणि एक पान्यांचा संच, कोरा करकरीत, प्लॅस्टिकच्या पेटीत. बाबांना आणि त्यांच्या लाडक्याला दाखवून देणार होतो. शनिवारी सुट्टी टाकली, इमारतीच्या पार्किंगमध्ये सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी, जशी आपल्याकडे सगळेच करतात. मोबाइल खांबाला टेकवून त्यात व्हिडिओ लावला.

टायर बसले. दोन नखं तुटली, पण बसले. मडगार्ड बसले. शॉकअप काढायचं धाडस झालं नाही, ते राहू दिले. पायडलांचं व्हिडिओत सांगितलेलं की डावं आणि उजवं वेगळं असतं, त्यांचे आटे एकमेकांच्या उलट असतात, म्हणून त्यावर अक्षरं कोरलेली असतात. मी अक्षरं बघितली. पायडल ज्यात बसतं त्या दोन दांड्यांपैकी माझ्या डाव्या हाताला असलेल्यात डावं घातलं, उजव्या हाताला असलेल्या दांड्यात उजवं. जाईनात. नवीन माल घट्ट असतोच, असं म्हणून मी वॉचमनकडून पाइपाचा तुकडा आणला, पान्यात अडकवला आणि त्यावर सगळं वजन टाकलं. करकर असा आवाज झाला आणि पायडल आत गेलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हात काळे झाले होते. मी ते लगेच धुतले नाहीत. तसाच वर गेलो आणि बायकोकडे चहा मागितला.

सायकल उलटी होती. सायकल उलटी केली की तिची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. कुठल्याही पंक्चरवाल्याला हे झोपेतही कळतं.

रविवारी सकाळी मी कोपरला निघालो. टायरांची घरघर खरोखरच थांबली होती. माजिवड्यापासून खारेगावपर्यंत मी तरंगतच गेलो. काय बोलायचं तेही ठरवत होतो. ‘बाबा, खाली या जरा. नाही, तसं काही नाही, सहज बघायला.’ मग ते चाक फिरवून बघतील, टायर दाबून बघतील, विचारतील की कुणी केलं. मी लगेच सांगणार नव्हतो.

पुलाच्या चढावर डावा पाय जोर देता देता एकदम मोकळा झाला. पायडल दांड्यातून निघून माझ्या बुटाखाली आलं, मी कठड्याला घासलो, एक रिक्षावाला "ओ काका, जरा जपून!" करत गेला. कोपर सोलवटलं. दांड्याच्या भोकात बोट घातलं तर आटे सगळे झिजून गुळगुळीत, आणि बोटाला ॲल्युमिनियमचा चमकणारा भुसा.

पुढचा रस्ता मी चालत गेलो, सायकल हातात आणि पायडल खिशात. समोरून मेहुणा येऊ नये एवढीच प्रार्थना करत होतो. तो आला नाही.

घरी बाबा एकटेच होते. आई भाजी आणायला गेली होती. मी सायकल वरच आणली, गॅलरीत उभी केली आणि पायडल त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवलं.

बाबांनी वाकून बघितलं. हातात घेतलंसुद्धा नाही. "डाव्याउजव्याची अदलाबदल केलीस. सायकल उलटी केली होतीस ना?"

"हो."

"आणि पाइप लावलास."

"हो."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "लागलंय का कुठं? कोपर धुऊन घे. दांडा बदलावा लागेल. संध्याकाळी जावई येणार आहेत, ते करतील."

तिथे माझा तोल गेला.

"मला त्यांनी केलेलं नकोय," मी म्हणालो. "तुम्ही करा. त्यांची सगळी सायकल करून दिलीत ना? मग माझा एक दांडा काढा. मी काय घोडं मारलंय तुमचं? येतो, औषधं आणतो, सगळं बघतो, आणि तुम्ही मला दुकानात जा म्हणता? एकदा तरी तुमच्या हातानं माझं काहीतरी करा, बाबा."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. मी पाठीवरच्या बॅगेतून पेटी काढली, उघडली. त्यांनी नजरेनंच माप ओळखलं आणि पाना उचलला.

दांड्याच्या नटाला पाना लावायला कुणालाही एक सेकंद लागतो. बाबांचा पाना नटाजवळ गेला आणि नटाच्या कडेवर वाजायला लागला. टिक टिक टिक टिक. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. तरी वाजत होता. कपाळावर घाम आला. मग पाना सुटला, फरशीवर पडला आणि सायकलखाली गेला.

"दीड वर्ष झालं," बाबा म्हणाले. "उजवा जास्त."

"मला कुणी सांगितलं नाही?"

"मीच नको म्हणालो."

आईला माहीत होतं. बहिणीला माहीत होतं. डॉक्टरकडे कोण घेऊन जातं ते मी विचारलं नाही, पण मला कळलं. रविवारचं ते सायकलप्रकरण काय होतं तेही कळलं. बाबांनी त्या निळ्या सायकलचा एक स्क्रूही पिळला नव्हता. त्यांनी फक्त सांगितलं होतं, आणि हात त्याचे काळे झाले होते.

"त्यांना सांगितलंत," मी म्हणालो, "आणि मला नाही."

"त्यांना नाही सांगितलं. एकदा त्यांच्यासमोर चहाचा कप सांडला." बाबांनी उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसले. "तुझ्यासमोर नको होता सांडायला."

मी खाली वाकून सायकलखालचा पाना शोधत राहिलो. सापडला होता, तरी शोधत राहिलो. त्या वाक्यानं मला सुखवायला हवं होतं. मुलासमोर बापाला ताठ राहायचं होतं, यात माझाच मान होता. पण मला तसला मान नको होता. चहा माझ्यासमोर सांडायला हवा होता.

संध्याकाळपर्यंत मी थांबलो. आई आली, जेवण झालं, आम्ही बीपीबद्दल बोललो. बाबा सबंध दुपार उजव्या हातावर बसून होते. मला दिसू नये म्हणून डाव्या हातानं जेवले, आणि मी ते न दिसल्यासारखं केलं.

पाच वाजता बेल वाजली. मेहुणा आत आला, काखेत कॅनव्हासची गुंडाळी. गॅलरीतली काळी सायकल बघून म्हणाला, "अरे वा, दादा, आणलीत शेवटी!" आणि जमिनीवर बसून त्यानं गुंडाळी उलगडली.

बाबा सरकून त्याच्या शेजारच्या पाटावर बसले. "अरे, आधी तो नट बघ," म्हणाले, आणि बोलता बोलता, लक्षातही न येता, त्यांनी हात मांडीखालून काढून गुडघ्यावर ठेवला. हात थरथरत होता. मेहुण्यानं तिकडे बघितलंही नाही, बाबांनी तो लपवलाही नाही. मी खोलीच्या दारात उभा होतो. त्या क्षणी त्या माणसाचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा आजवर कधीच वाटला नव्हता.